काठीच्या वाटेवरची झोळी

सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला निघालो होतो आणि अर्ध्या डोंगरात माझीच वरात निघाली... तीही झोळीतून. साठ वर्षं उलटून गेली, पण अजून आठवलं की कानशिलं गरम होतात.

तेव्हा आपला नंदुरबार जिल्हा झाला नव्हता, सगळं धुळ्यातच होतं. मी म्हसावदचा, शेतकऱ्याचा मुलगा. मॅट्रिक झालो आणि शहाद्याला एका ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो. आमच्या घरातला पहिला पगारदार!

झालं... त्या दिवसापासून घरच्यांनी माझे हातपायच काढून घेतले. औताला हात लावायचा नाही, कापूस वेचायचा नाही, विहिरीवरून साधी बादलीसुद्धा आणायची नाही. सुट्टीला आलो की आबा, म्हणजे माझे वडील, स्टँडवर बैलगाडी घेऊन हजर. घर तिथून हाकेच्या अंतरावर, तरी गाडी! "तू सायेब शे आते, पायी चालना तं लोके काय म्हनतीन?" असं त्यांचं म्हणणं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडत होतं.

दोन वर्षांत पोट सुटलं. दोन जिने चढलो तरी धाप लागायची. रात्र रात्र झोप नाही, आणि सकाळी उठलं की उगाच रडावंसं वाटायचं. छातीत धडधडायला लागलं की वाटायचं, संपलं आता. बायकोला दिवस गेले होते आणि मी तिला सांगत बसायचो की माझं काही खरं नाही... ती बिचारी ऐकून घ्यायची आणि आत जाऊन डोळे पुसायची.

शहाद्याच्या डॉक्टरांनी दोनदा नीट तपासलं. हृदय ठणठणीत आहे म्हणाले, रोज सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं. मला रागच आला. औषध द्यायचं सोडून चालायला सांगतात, मी काय मजूर आहे?

शेजारच्या टेबलावर रायसिंग बसायचा. त्याचं गाव काठीजवळ. माझं तोंड बघून बघून तो कंटाळला असावा, होळीला ओढूनच घेऊन गेला. गाडी गेली तिथपर्यंत गाडीने गेलो, पुढे पायवाट. पहिल्याच चढाला मी एका दगडावर बसलो तो उठेचना. घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधार... रायसिंगला म्हटलं, "माझ्या बायकोला सांग."

तेवढ्यात मागून दोन पावरा आदिवासी माणसं आली. होळीलाच निघालेली, नवं धोतर नेसून. त्यांनी रायसिंगशी दोन शब्द बोलून घेतले, घोंगडी काढली, बांबू तोडला आणि मला झोळीत घालून खाली रस्त्याकडे निघाली. वर्षाचा एवढा मोठा सण, पण एकदाही मागे वळून बघितलं नाही.

आता डोंगरात झोळी कोणासाठी असते, हे तिकडच्या माणसांना सांगावं लागत नाही. अडलेली बाळंतीण, नाहीतर शेवटचे श्वास मोजणारा माणूस. समोरून होळीला जाणारे जथे येत होते. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू. झोळी दिसली की ढोल थांबायचा. माणसं वाटेच्या कडेला सरकायची आणि घुंगरू वाजू नयेत म्हणून हाताने धरून ठेवायची. माझ्यासाठी हो! तोपर्यंत माझी धडधड थांबलेली होती, नुसती धाप होती.

एक म्हातारी वाकून आत बघायला लागली. माझ्या कपाळाला हात लावला आणि रायसिंगला काहीतरी विचारलं. मी विचारलं, काय म्हणतेय?

"विचारतेय, घरी कळवलं का."

जमीन दुभंगावी असं झालं मला. चोवीस वर्षांचा, तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत औत हाकून वाढलेला मी... आणि ही आजी तिच्या पायांनी डोंगर चढून होळीला चाललेली. मी म्हटलं, "मला उतरवा. मला काही झालेलं नाही... मी नुसता बसून बसून असा झालोय."

रायसिंगने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. दोघांनी झोळी खाली टेकवली, मग असे हसले, असे हसले की विचारू नका. म्हातारीही हसली. मी मान खाली घालून परत चढायला लागलो. दहा पावलं चालायचं, थांबायचं. ते दोघं पुढे जाऊ शकत होते, पण गेले नाहीत. रिकामी झोळी खांद्यावर टाकून माझ्या मागे, माझ्या चालीने चालत राहिले. पुन्हा पडलो तर असावी म्हणून!

रात्रभर ढोल वाजत होते. मी मात्र कुठल्याशा झाडाखाली मेल्यासारखा झोपलो. कित्येक महिन्यांत तशी झोप लागली नव्हती. पहाटे होळी पेटली तेव्हा रायसिंगने हलवून उठवलं.

होळीहून परत म्हसावदला उतरलो तर आबा गाडी घेऊन उभे. मी बसलो नाही. आबा म्हणाले, "बस ना भाऊ, लोके देखी ऱ्हायनात." तेव्हा मी त्यांना झोळीचं सगळं सांगितलं, ती म्हातारी काय म्हणाली तेही. रिकामी गाडी पुढे, मी मागे, असे आम्ही गावात शिरलो. दोघांच्याही माना खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मलाच औतासाठी बैल सोडायला सांगितलं.

मुलगी झाली तोवर मी रोज चालायला लागलो होतो, आणि माझं काही खरं नाही, हे बोलणं कधी बंद झालं ते बायकोलाच आधी कळलं.

आज पंच्याऐंशी ओलांडली. मुलगा कार काढतो, म्हणतो, बाबा, लोक काय म्हणतील... मी काठी घेतो आणि निघतो.

त्या दोघांची नावं विचारायची राहून गेली. मान वर करायचीच लाज वाटत होती, विचारणार कसं? त्यांचे चेहरेही धड आठवत नाहीत... पायांचा आवाज तेवढा आठवतो, माझ्या मागे हळूहळू येणारा.