डोंगराकडे पाठ

इत्सुको साकोदाने सकाळी नाश्त्याची भांडी विसळली, हात पुसले आणि पांढरे हातमोजे चढवले. आदल्या रात्री आलेल्या तेरुमीने तिथेच कपाळाला हात लावला.

"हे कशाला आता? निवृत्त झालीस ना?"

"ऊन लागतं गं हातांना."

साफ खोटं. उन्हाची आणि इत्सुकोची जन्माची ओळख. कागोशिमातल्या सहलीच्या बसमध्ये गाईड म्हणून तिचं अख्खं आयुष्य गेलं होतं, आणि हातमोज्यांशिवाय कुणाला गाव दाखवायचं म्हणजे तिला भर रस्त्यात अनवाणी निघाल्यासारखं वाटे. त्यात आजचं दाखवणं काही साधंसुधं नव्हतं. इत्सुको राहायची त्या इमारतीत तळमजल्यावरची खोली रिकामी झाली होती. घरमालकीण नागासाकोबाईंनी ती तेरुमीसाठी अडवून धरली होती, पण संध्याकाळपर्यंतच. दुसरं बिऱ्हाड दाराशी उभं होतं. तेरुमी हो म्हणाली तर मैत्रीण जन्मभरासाठी खाली राहायला येणार. नाही म्हणाली तर उद्याच्या गाडीने नागोयाला, मुलाकडे, ती कायमचीच.

तेरुमी अजून काहीच म्हणत नव्हती. "बघू" म्हणायची. इत्सुकोला त्या "बघू"ची धडकी भरली होती. म्हणून तिने ठरवलं, हिला आज असं गाव दाखवायचं, असं खाऊ घालायचं, की हिच्या तोंडून "नाही" निघताच कामा नये.

दोघींची मैत्री बस कंपनीच्या वसतिगृहातली. इत्सुको दक्षिणेच्या बेटावरून आलेली, अठराची, बुजरी. तेरुमी इथलीच, तोंडाळ. रात्री गाद्या घालून दोघी एकमेकींना पाठ म्हणून दाखवायच्या: हा पूल कुणी बांधला, तो पुतळा कुणाचा, बोगद्यात शिरताना कोणतं गाणं म्हणायचं. तेरुमीने दुसऱ्याच वर्षी लग्न केलं आणि नागोया गाठलं. इत्सुको बसमध्येच राहिली. स्थळं येत होती, नाही असं नाही. पण सुट्टीच्या दिवशी जिला हटकून कामावर जावं लागतं, तिला बघायला तरी कधी यायचं?

आणि गाईडचं काम विचित्र. बसच्या पुढच्या बाजूला, प्रवाशांकडे तोंड करून उभं राहायचं. जे दाखवायचं ते सगळं आपल्या पाठीमागे. "तुमच्या उजव्या हाताला" म्हणायचं आणि आपला डावा हात वर करायचा. उजव्याडाव्याचा घोळ तिच्या डोक्यात जो बसला तो बसलाच. समुद्रापलीकडचा साकुराजिमा, तो धुमसता डोंगर, तिने हजारो लोकांना दाखवला. पण दाखवताना बघितले ते लोकांचे चेहरे. लोक "अहाहा" म्हणाले की डोंगर नीट दिसतोय हे तिला कळे. तसा घरच्या गॅलरीतून रोजच दिसायचा, पण तिथून बघायचा तो फक्त धूर कुठे चाललाय, राख कुठे पडणार, एवढ्यापुरता.

तर हातमोजे घालून बाई निघाल्या. बाजारपेठेच्या छपराखालच्या रस्त्यावर इत्सुको तेरुमीच्या पुढे, पण तोंड तेरुमीकडे, उलटी चालत.

"आपल्या उजव्या हाताला जे दुकान दिसतंय..."

"डाव्या."

"तुझ्या उजव्या."

"माझ्या डाव्या हाताला आहे गं बाई! आणि मागे बघ, सायकल!"

सायकलवाल्या आजोबांनी घंटी वाजवली आणि एक जळजळीत नजर टाकून निघून गेले. इत्सुकोने कमरेत वाकून त्यांची माफी मागितली, आणि पुन्हा तोच गोड, उंच, गाडीतला आवाज लावला. माशाच्या तळलेल्या वड्या गरमागरम आल्या, तर तेरुमीला बाकावर बसवून ही शेजारी उभी. स्वतःची वडी भिंतीकडे तोंड करून दोन घासांत संपवली. गाईडला तेवढाच वेळ मिळतो.

"चव कशी वाटली?"

"चांगली आहे. तू बस ना."

"नंतर शिरोकुमा आहे. म्हणजे पांढरं अस्वल. हे नाव कसं पडलं, याची एक गंमत..."

"मला ठाऊक आहे. मी इथेच जन्मले!"

तरी शिरोकुमा आला. बर्फाच्या चुऱ्याचा एवढा थोरला ढीग, वर गोड आटवलेलं दूध, फळं, बेदाणे. तेरुमीने चमचा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"इत्सुको, काल रात्री मी आल्यापासून तू मला एकदा तरी विचारलंस का, मी कशी आहे म्हणून?"

इत्सुकोने चमचा उचलून पुन्हा तिच्या हातात दिला.

"नागोयाला सून चहा हातात आणून देते. भांड्याला हात लावू देत नाही. आंघोळीला आधी मी. वाईट नाहीये गं ती, गुणाची आहे. पण आमचे हे गेल्यावर मी मुलाच्या घरी राहायला गेले, ती पाहुणी झाले आणि पाहुणीच राहिले. पाहुणीला कुणी ओरडत नाही. पाहुणीला कुणी काही आणायला सांगत नाही. मला वाटलं, इथे तरी... आणि तू हातमोजे घालून उभी!"

"मी तुझ्यासाठीच केलं ना सगळं!" इत्सुको म्हणाली. "तू राहावीस म्हणून!"

"तेच तर. एवढं करतेस म्हणून भीती वाटते."

इत्सुकोने हातमोजे काढून पर्समध्ये कोंबले. तिला रडू येत होतं आणि रागही. कुणाला खूश करायचं तर काहीतरी करायला हवं ना? काहीच न करता माणसाला कसं ठेवून घेतात, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिला आता स्पष्ट दिसत होतं, ही उद्या जाणार. खाली तिसरंच कोणी राहायला येणार आणि आपण जिन्यात त्यांना वाकून नमस्कार करणार. दोघींनी बर्फ संपवला.

पुढे बोट ठरलेली होती, म्हणून गेल्या. पलीकडे साकुराजिमाला बोट बघता बघता पोचते, आणि तेवढ्यात बोटीवरचा उदोन, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवया, खायचा ही इथली रीतच. यावेळी वाडगे तेरुमीने आणले. वरच्या डेकवर इत्सुको सवयीने पाठ डोंगराकडे, तोंड तेरुमीकडे करून उभी राहिली आणि भुरकायला लागली.

"वळ," तेरुमी म्हणाली.

"काय?"

"अगं, वळ तिकडे!" आणि तिने एका हाताने इत्सुकोचा खांदा धरून तिला गर्रकन फिरवलं.

बोट सरळ डोंगराच्या अंगावर चालली होती. मोकळ्या पाण्यातून तो उठला होता, घळी पडलेला, काळपट, वर गेलेला, अजून वर गेलेला. दाखवण्यासारखं कुणी पुढे नव्हतं. इत्सुकोच्या हातातला घास वाडग्यात पडला.

"अगंबाई," ती म्हणाली, "केवढा आहे हा!"

तेरुमी जी हसत सुटली, की रस्सा तिच्या ब्लाउजवर सांडला. "जन्म गेला हिचा दाखवण्यात! आणि म्हणते, केवढा आहे!"

"हसतेस काय? मोठा आहेच तो!" इत्सुकोही हसायला लागली. तिला तो मनापासून बघावासा वाटला, सगळा, शेंड्यापर्यंत. आणि शेंड्याशीच तिची नजर अडकली. करड्या धुराचा मोठा लोट उठला होता. वर गेला, वाकला आणि त्यांच्या डोक्यावरून मागे निघाला.

"तेरुमी, वारा गावाकडे आहे."

"मग?"

"गादी!"

कागोशिमात शेंबडं पोरसुद्धा वारा बघितल्याशिवाय रुमाल वाळत घालत नाही. आणि या बाईने पाहुणीला रात्री उन्हाची उबदार गादी मिळावी म्हणून सकाळी ती गॅलरीच्या कठड्यावर टाकली होती, चादरींसकट, वाऱ्याकडे ढुंकूनही न बघता!

दोघी उतरल्या, भाडं भरलं, आणि त्याच बोटीत परत चढल्या. तिकीटखिडकीतल्या माणसाने चष्मा वर करून पाहिलं. "बघून झालं एवढ्यात?"

"झालं!" तेरुमी ओरडली. "छान आहे तुमचा डोंगर!"

घरी पोचेपर्यंत राखेने आपलं काम केलं होतं. गाड्यांवर राख, पायऱ्यांवर राख, कठड्यावरची गादी तर पिठात घोळल्यासारखी. इत्सुको वर धावली, गादीचं एक टोक उचललं, आणि तिच्या घशातून तिचा खरा आवाज निघाला, जाडा, बेटावरचा.

"नुसती बघत काय उभी आहेस? धर ते टोक! तोंडावर नको झटकू, बावळट! खाली जा, झाडू घे, पायरी झाड आधी, नाहीतर सगळी आत येईल!"

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. पण तेरुमी गेली होतीसुद्धा. जिन्यात तिची पावलं धाडधाड वाजत होती.

इत्सुकोने चादरी बादलीत बुडवल्या, दोनदा पाणी बदललं. खालून झाडूचा आवाज येतच होता, आणि मधेमधे तेरुमीच्या शिव्या: डोंगराला, वाऱ्याला, आणि नाव घेऊन इत्सुकोला. ऊन कलायला लागलं तशी ती पुन्हा पुन्हा जिन्याकडे बघायला लागली. नागासाकोबाई आता उत्तर विचारायला येणार. त्यांचा आवाज ऐकू आला तशी ती गॅलरीत जाऊन खाली वाकली.

नागासाकोबाईंच्या काखेत पिवळ्या पिशव्यांची थप्पी होती. राख भरून ठेवायला नगरपालिका घरटी देते, त्या पिशव्या. "अहो, राहू द्या," त्या म्हणत होत्या, "तुम्ही पाहुण्या, आणि ही तर रिकामी खोली. तिची पायरी कशाला झाडताय?"

तेरुमीच्या डोक्याला रुमाल बांधलेला, नाकाचा शेंडा करडा. तिने झाडू भिंतीला टेकवला आणि दोन्ही हात पुढे केले.

"आणा इकडे. या खोलीच्या वाट्याला किती येतात?"