पायरीवर बसणारी बाई

वर्षानुवर्षं मी हे सांगायचं टाळलं, कारण यात चूक माझी आहे.

पन्नासच्या दशकात मी एटापल्लीकडच्या गावांतून पाण्याचे नमुने तपासणीला पाठवायचो. एका गावात पायऱ्यांची विहीर होती आणि घरोघर नारू, म्हणजे पायातल्या फोडातून बाहेर येणारा लांब जंत. नारूचा फोड घेऊन पाण्यात उतरू नये, त्यातून जंताची पिल्लं पाण्यात जातात आणि ते पिणाऱ्याला नारू होतो, हे मी तिथल्या एका बाईला एकदाच सांगितलं. तेव्हापासून ती रोज वरच्या पायरीवर बसे. पायाला चिंधी बांधलेला कोणी आला की त्याची घागर ओढून घेई आणि स्वतः भरून आणी.

"विहीर तुह्या बापाची हाय का?" कोणी चिडवी.

"बापाची नाई, लेकरायची हाय. बस तिथी!"

मला म्हणाली, "भाऊ, सायबाले सांगा, पायऱ्या बुजवून रहाट बसवा." त्यासाठी विहिरीचा नमुना हवा होता. उन्हाला कंटाळून मी तिथवर गेलोच नाही, बाटली माझ्या मुक्कामाच्या अहेरी गावातल्या आडावरच भरली. पाणी चांगलं ठरलं, पायऱ्या तशाच राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात गेलो, तर चिंधी तिच्याच पायाला होती. आपली घागर शेजारणीच्या हाती देऊन ती वरच बसली होती.

"यंदा बाटली नीट भरा, भाऊ."

या वेळी मी ती विहिरीतच भरली. 'बाई, मागची बाटली इथली नव्हती, मला माफ करा,' एवढं मात्र ओठांवर येऊनही बोललो नाही.