चित्रकलेच्या बाईंचं नाव पडद्यावर

संगणकाचे सर अडल्या-नडल्याला धावून जायचे, पण जिभेला हाड नव्हतं. मुलांना आणि शिक्षकांना ऑनलाइन फसवणुकीबद्दल सावध करायचं काम मुख्याध्यापकांनी सोपवलं, तेव्हा तर त्यांच्या अंगात वारंच शिरलं.

आधी त्यांनी सगळ्या शिक्षकांना मुद्दाम एक खोटी मेल धाडली. तुमचं खातं बंद पडणार आहे, इथे पासवर्ड टाका. सात जण फसले. मग नववीच्या मुलांसमोर सरांनी ती सातही नावं पडद्यावर झळकवली. सगळ्यात वर चित्रकलेच्या बाई, कारण त्यांनी तीनदा पासवर्ड टाकला होता. बाईंनी चोराला दार उघडलं, वर बसायला खुर्चीही दिली, असं सर म्हणाले. मुलं पोट धरून हसली. बाईही हसल्या आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिल्या.

महिन्याभराने खरीच तशी मेल आली. शाळेच्या नावाने घरोघरी भलतेसलते निरोप जाऊ लागले, पालकांचे फोन थांबेनात. सरांनी शोधून काढलं: चोर चार दिवसांपूर्वीच बाईंच्या खात्यातून शिरला होता. ते तणतणत चित्रकलेच्या वर्गात गेले. बाई ब्रश धूत होत्या.

"तुम्हाला कळलंच नाही?"

"त्याच दिवशी कळलं," बाई म्हणाल्या. "तुमच्या दारापर्यंत आले होते. आत नववीची मुलं होती. परत फिरले."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी सांगितलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं.

त्यांनी सगळ्यांचे पासवर्ड बदलले, मुख्याध्यापकांना चूक माझी म्हणून लिहून दिलं आणि पुन्हा नववीसमोर उभे राहिले. झालं ते सांगून त्यांनी बाईंची माफी मागितली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही कधीच फसला नाहीत?"

"फसलो होतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. आजवर कुणालाही सांगितलं नाही, घरीसुद्धा."

या वेळी कुणी हसलं नाही.

आता मधल्या सुट्टीत शिक्षक संशयास्पद मेल दाखवायला येतात आणि सर मान खाली घालून, एक शब्द जास्त न बोलता पाहून देतात. बाई समोर आल्या की बोलतात, चांगलं बोलतात. पण संगणकाच्या खोलीची पायरी त्या अजून चढलेल्या नाहीत, आणि या म्हणायचं धाडस सरांना होत नाही.