डाव्या छातीवरची पदकं

न्यूझीलंडात, वेलिंग्टनजवळच्या जॉन्सनव्हिलच्या उतारावर शेजारी राहणाऱ्या लाटवियन म्हाताऱ्याचं नाव होतं अर्विड ओझोल्स. पुरुषोत्तमरावांची जीभ काही त्या नावाला वळेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याचं अरविंदराव करून टाकलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यानंही ते हसत मान्य केलं. साताऱ्याकडचे पुरुषोत्तमराव लेकासुनेकडे सहा महिन्यांसाठी आलेले. इंग्रजी जेमतेम, पण कुंपणावरच्या गप्पा त्यानं कुठं अडतात? अडल्याच, तर सून अस्मिता होतीच.

अरविंदरावांची कथा मोठी नामी. लाटवियातल्या लिएपाया बंदरातला पोरगा, बोटीवर कोळसा ओढत एकोणचाळीस साली वेलिंग्टनला उतरला. वर्षभरात तिकडे रशियानं त्याचा देशच गिळला. परत जायचं कुठं? इथं परका म्हणून पोलीस चौकीत हजेरी लावायची. एक दिवस गडी हजेरी लावून निघाला तो थेट फौजेच्या भरतीला. मग वाळवंट, मग इटली. नद्यांवर पूल बांधायचे, शत्रूनं उडवले की पुन्हा बांधायचे.

दोन हजार पाचची ही गोष्ट. पंचवीस एप्रिलला, युद्धात लढलेल्यांच्या दिवशी, इथं संचलन निघतं. पुरुषोत्तमराव सकाळी आठलाच कोट चढवून अंगणात. छातीवर वडील काशिनाथ, म्हणजे बापू, यांचं पदक. मराठा पलटणीतून इटलीत लढलेला माणूस तो!

कुंपणापलीकडून काठी ठोकली गेली. "अहो, चुकीच्या बाजूला लावलंत," अरविंदराव म्हणाले. "डावी बाजू ज्यानं कमावलं त्याची. लेकरानं उजवीकडे लावायचं."

अस्मितानं मराठीत सांगताच पुरुषोत्तमराव कानापर्यंत लाल झाले. पदक उजवीकडे घेता घेता त्यांची नजर अरविंदरावांच्या जुन्या स्वेटरवर गेली.

"मग तुमची डावी बाजू मोकळी का?"

म्हातारा काठीची मूठ चोळत सांगू लागला. युद्धानंतर पहिल्या संचलनाला तो गेला होता. त्याचे उच्चार ऐकून कुणीतरी म्हणालं, "हा आमच्या पोरांचा दिवस आहे, मित्रा." त्यानंतर तो फिरकलाच नाही. पदकं अर्ज करून मागवली, पण पाकीट आजवर फोडलं नाही. आणि पुढच्या महिन्यात खुब्याचं ऑपरेशन. "आता चालायचं म्हटलं तर हेच वर्ष," ते हळूच म्हणाले.

"सूनबाई, विचार त्यांना, इटलीतली सांग्रो नदी ठाऊक आहे का. आमचे बापू तिथं होते."

अरविंदरावांचे डोळे लकाकले. "तुमची माणसं खालच्या अंगाला, आम्ही वरच्या. तुमच्यातल्या एका जवानानं मला चहा पाजलाय. इतका गोड, की चमचा उभा राहावा!"

"मग ते आमच्याकडचेच!" पुरुषोत्तमराव ओरडले. "साखरेत हात आखडला नाही कधी! चल गड्या, काढ ते पाकीट."

अरविंदरावांच्या स्वयंपाकघरात पाकीट पुरुषोत्तमरावांनीच फोडलं. पाच पदकं निघाली. अस्मितानं ती टाचली. डावीकडे, अगदी सरळ रेषेत.

संचलन निघायचं त्या चौकात अरविंदराव बिचकून मागच्या, सैनिकांच्या मुलानातवंडांच्या रांगेत उभे राहू लागले. पुरुषोत्तमरावांनी पाठीवर हात ठेवून पुढं लोटलं. "तुमची डावी बाजू आहे. पुढं!"

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं त्यांचे उच्चार ऐकून विचारलं, "कुठल्या फौजेत होतास, मित्रा?"



अरविंदराव ताठ झाले. "न्यूझीलंडच्या. इंजिनिअर. सांग्रोवर पूल बांधले."

त्या म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्यातल्या एकावरून मी पलीकडे गेलोय," तो म्हणाला, आणि सरकून त्यांना आपल्या उजव्या हाताशी जागा दिली.

ढोल वाजला. अरविंदरावांनी काठी मनगटावर अडकवली आणि स्मारकापर्यंतची तीनशे पावलं तिच्याशिवाय टाकली. पुरुषोत्तमराव मागच्या रांगेतून एक एक मोजत होते.

अरविंदरावांच्या घरी आल्यावर अस्मिता म्हणाली, "अंकल, पदकं काढून ठेवू का?"

"थांब," अरविंदराव म्हणाले, "आधी कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणतो."

फ्रिजमध्ये दुधाच्या दोन बाटल्या होत्या. पुरुषोत्तमरावांनी सकाळीच पाहिल्या होत्या.  त्यांनी टोपी सारखी केली आणि सोबत निघाले.