धम्मपालनं धरलेला दाणा

साखर कारखान्यात पॅन म्हणून एक बंद भांडं असतं, दोन माणसं उंच. त्यात उसाचा पाक आटवून साखरेचा दाणा धरतात. धम्मपाल त्या पॅनवर सात हंगाम हेल्पर होता. पॅन धुणं, वाफेचे व्हॉल्व्ह पुसणं, हेड पॅनमन नानासोंच्या हातात नमुन्याची काच देणं. सात हंगामांत एकदाही उशिरा आला नाही. पण दाणा कधी स्वतः धरला नव्हता.

हंगाम संपताच नानासो निवृत्त होणार होते. त्या दिवशी पहिल्या पाळीला ते म्हणाले, "आज तू धर. बिघडला तर माझ्या जागी दुसरा मानूस बघतो. मला आता शिकवत बसायला येळ न्हाई."

धम्मपाल बिचकतच व्हॉल्व्हपाशी गेला. दाणा त्याला माहीत नव्हता असं मात्र नाही. मागच्याच आठवड्यात त्यानं लॅबच्या नीलिमा मॅडमना विचारलं होतं, "दान्याच्या कडा एवढ्या सरळ कशा? आत साचा असतो का?"

"साचा कसला?" मॅडम म्हणाल्या. "साखरेचे रेणू सगळे सारखे. एक बसला, की दुसरा अर्धा वळून, जरा पुढं सरकून त्याला बिलगतो. पुढं पुन्हा पहिल्यासारखा. तेच कोट्यवधी वेळा. म्हणून कड सरळ येते."

धम्मपाल उडालाच. त्याचे वडील, धोंडिराम आबा, मेढ्याहून ट्रॉलीत ऊस भरायला येत. एका मोळीचा बुडखा इकडं, पुढचीचा तिकडं. ट्रॉली गच्च बसायची, धक्क्यानं हलायची नाही.

"आवं मॅडम, ही तर आमच्या आबांची ट्रॉली!"

"तीच. फक्त इथं भरणारा कुणी नाही. ज्याची जागा तोच शोधतो. त्याला वेळ द्यायचा."

आता पॅनमध्ये दळलेल्या साखरेचं बियाणं पडलं, दाणे त्यावरच वाढायचे. पहिला तास झक्क गेला. काचेवर बारीक, एकसारखे दाणे. मग खालून फोन आला: पाकाच्या टाक्या भरल्यात, गाळप थांबेल, गेटवर ट्रॉल्यांची रांग लागलीय. धम्मपालचं बालपण त्या रांगेत गेलं होतं. उन्हात ऊस वाळतो, वजन घटतं, माणसं शिव्या देतात. त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं वाफ वाढवली.

अर्ध्या तासानं काच उजेडाला धरली. दाण्यांच्या मधे धुरळा. पाक घाईनं आटला, रेणूंना जुन्या दाण्यावर बसायला सवड मिळाली नाही, वाटेल तिथं नवे कण धरले.

"पीठ दळलंस की रं!" नानासो ओरडले. "कुनी सांगितलं हुतं वाफ सोडायला?"

"रांग लय मोठी हाय, नानासो."

"आनि ह्यो पॅन पोत्यात भरून त्यास्नी देनार हाईस व्हय?"

धम्मपालनं वाफ कमी केली. पॅनमध्ये येणारा पाक बंद केला. कोमट पाण्याचा व्हॉल्व्ह पाव फेरा उघडला. धुरळ्यातल्या रेणूला धरून ठेवणारे शेजारी थोडे, तो आधी विरघळणार. पाणी जास्त झालं तर चांगला दाणाही जाणार. दर दोन मिनिटांना त्यानं नमुना काढला. पंधरा वेळा काच पुसली. फोन तीनदा वाजला.

"वाजू दे," नानासो पहिल्यांदाच हळू बोलले.

सोळाव्या काचेवर धुरळा नव्हता. होते ते दाणे शाबूत, पाण्यानं झिजलेल्या कडांचे. धम्मपालनं पाणी बंद केलं, पाक थेंबाथेंबानं चालू केला. पुढचे तीन तास तो स्टुलावर टेकला नाही. कडा परत भरत गेल्या. दर काचेला जरा जास्त धारदार. त्याला वाटलं, आत कुणीतरी मोळीला मोळी लावतंय आणि आवाज आपल्यालाच ऐकू येतोय. त्याला हसू आवरेना.

शेवटची काच नानासोंनी खिडकीशी नेली. चष्मा वर केला. खाली केला.

"एकसारखा हाय," ते म्हणाले. "दीड तास जादा घेतलास."

"व्हय."

"सोड पॅन खाली. आनि उद्या लवकर ये. नवा हेल्पर घ्यायचा हाय, त्येला पॅन धुवायचं तू शिकवायचंस."