मुक्या पट्टीला वळसा

संगीतशाळेतले पियानो सुरात लावणाऱ्याला प्राध्यापकांविषयी आदर वाटायला हवा होता. त्याला त्यांची कीव यायची, तीही चांगल्या दिवशी. एका जगप्रसिद्ध धूनचा उगम शोधण्यात या प्राध्यापकसाहेबांनी अकरा वर्षं घालवली होती. त्यांच्या मते एका वर्षी ती संगीतकाराला प्रेयसीवरून सुचली, पुढच्या वर्षी आजारी बहिणीवरून. ती धून स्वतः वाजवायची म्हटली की मात्र साहेबांचा डावा हात एकीकडे आणि उजवा दुसरीकडे.

यंदा साहेबांना घबाडच मिळालं. अडगळीतल्या जुन्या पियानोच्या पोटात हाताने लिहिलेला एक कागद सापडला. धून तीच, पण जिथे ती वर चढते तिथला एक स्वर गाळून खालून सुंदर वळण घेतलेलं. कागदामागे नुसत्या फुल्या. त्या म्हणजे प्रेयसीच्या भेटींचे दिवस, असं साहेबांनी ठरवूनही टाकलं. व्याख्यानासाठी पियानो लावायला याला बोलावलं आणि मोठ्या कौतुकाने कागद पुढे धरला.

"बघ, मूळ खर्डा! असं वळण सुचायला अंगात प्रतिभाच लागते. फार सुंदर!"

याचा हात तारेवरच थांबला. अक्षर आईचं होतं. बावीस वर्षं ती त्याच अडगळीतल्या पियानोवर लहान मुलांचा वर्ग घ्यायची. आतली हातोडी मोडल्यामुळे एक काळी पट्टी मुकी झाली होती, आणि कचेरी दुरुस्तीचं नाव काढत नव्हती. म्हणून आई प्रत्येक धून त्या पट्टीला वळसा घालून नव्याने लिहायची.

"साहेब, हे माझ्या आईने लिहिलंय. मागच्या फुल्या मुलांच्या हजेरीच्या आहेत." मुक्या पट्टीचंही त्याने सांगितलं.

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे तुझ्या आईने चांगल्या धूनची वाट लावली म्हण की!" असं म्हणत त्यांनी कागद चुरगळून टोपलीत टाकला. मिनिटापूर्वीची प्रतिभा एका बाईचं नाव ऐकताच कचरा झाली. असल्या माणसाशी वाद घालणंही त्याला कमीपणाचं वाटलं. त्याने कागद उचलला, हत्यारं पिशवीत भरली आणि अर्धा लागलेला पियानो तसाच सोडून तो घरी गेला.

आईने कागद मांडीवर सरळ केला. वाचता वाचता ती घाबरली.

"अरे, हे चुकून नव्हतं रे लिहिलं. ती पट्टीच वाजत नव्हती. साहेबांना सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, फार सुंदर आहे."