इमरतीची साक्ष

मित्राच्या बायकोचा विम्याचा दावा मी बुडवला. कंपनीने नव्हे, मी. आणि तोही तिच्या बाजूने बोलायला जाऊन.

इंदिरा नगरात आमची घरं समोरासमोर. तो बँकेत, मी प्रयोगशाळेत. लखनौत मराठी माणूस सापडला की आपण त्याला सोडत नाही, तसं आम्ही एकमेकांना सोडलं नव्हतं. मग एके दिवशी तो अचानक गेला. विमा कंपनीने वहिनींना कळवलं की यांना आधीपासून मधुमेह होता, तो अर्जात लपवला, पैसे मिळणार नाहीत. खरं तर शुगर निघाली ती पॉलिसी घेतल्यानंतर. लेकीचं पुढचं शिक्षण त्या पैशांवर अडलं होतं.

विमा लोकपाल तेव्हा नवेच होते. वकील नको, फी नको, आपलं आपण सांगायचं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझं हिंदी सब्जीवाल्यापुरतं. तुम्ही नुसते बरोबर या."

नुसते! मी कोट इस्त्रीला टाकला.

हजरतगंजमधल्या लोकपालांच्या खोलीत सगळं सुरळीत चाललं होतं. लोकपाल कंपनीच्या अधिकाऱ्याला विचारत होते, "पॉलिसी से पहले की बीमारी का कोई सबूत?" तो नुसताच कागद चाळत होता. मग लोकपालांनी सहज माझ्याकडे पाहिलं. "आप तो दोस्त थे. कैसे आदमी थे?"

"अच्छे थे" एवढं म्हणून मी थांबतो होय! मी आमचा हुकमी किस्सा काढला: वहिनींची नजर चुकवून हा चौकात उभा, एका हातात जिलेबीसारखी पाकात निथळती इमरती, दुसऱ्या हातात शुगरची गोळी! लोकपाल हसले. अधिकारीही हसला, आणि हसत हसतच त्याने विचारलं, "ये कब की बात है, साहब?"

"अरे, लखनऊ आए तब से!"

तो लखनौला आला पॉलिसीच्या कितीतरी आधी. पण किस्सा रंगवताना मी नेहमी असंच म्हणायचो. कालपरवाच्या गोष्टीत काय मजा? खरं सांगतो, त्या क्षणी मी वहिनींना विसरलोच होतो. तो गेल्यापासून त्याच्या गोष्टी ऐकायला कोणी मिळालंच नव्हतं.

अधिकाऱ्याने कागद चाळणं थांबवून माझं वाक्य लिहून घेतलं. मी घाईघाईने म्हणालो, "नहीं सर, वो तो मैंने यूँ ही बढ़ाकर..."

लोकपाल आता हसत नव्हते. "तो सच अब बोल रहे हैं, या तब बोल रहे थे?"

निकाल विरुद्ध गेला. मी माफी मागायला गेलो, तर वहिनींनी आधी चहा पुढे केला. तो दिला नसता तर बरं वाटलं असतं. मी तोंड उघडलं, तशा त्या म्हणाल्या,

"राहू द्या भाऊजी. हे म्हणायचेच, तुमच्या गोष्टीतलं निम्मं खोटं असतं. नेमकं तेवढंच तुम्ही साहेबांना सांगून आलात."